बंद दाराआड बोललेलं उघड्यावर सांगता येईल का? कंपन्यांच्या लॉबिंगची नैतिक पद्धत, पायरीपायरीने

कंपनीने सरकारशी बोलावं की बोलू नये, या वादात मला फारसा अर्थ दिसत नाही. बोलायलाच हवं. औषधाचा कारखाना चालवणाऱ्याला निर्जंतुकीकरणाच्या नियमातली नेमकी अडचण रोज दिसते. नियमाचा मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला ती कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली झालेल्या पहिल्या दुरुस्तीत, सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क भाषणस्वातंत्र्याच्या शेजारीच लिहिलेला आहे. कोण बोलतंय, काय मागतंय आणि कोणाच्या पैशाने, या तीन गोष्टी समोरच्या अधिकाऱ्याला आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या जनतेला कळतात का, यावर लॉबिंगची, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्यासाठी केलेल्या या बोलण्याची, नैतिकता ठरते.

कंपन्यांच्या धोरणविषयक विभागांत मी बरीच वर्षं काढली. पाकीट सरकवणारी माणसं तिथे मला क्वचितच भेटली. अर्धा आकडा सांगणारी, आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी घालणारी माणसं मात्र रोज भेटली, आणि काही काळ मीही तेच केलं. म्हणून इथे लाचेपेक्षा उसन्या आवाजांबद्दल जास्त लिहिलं आहे. कंपनीत धोरण, कायदा किंवा अनुपालनाचं (कंपनी नियम पाळते की नाही हे पाहण्याचं) काम करणाऱ्यांना आणि संचालक मंडळावर बसणाऱ्यांना हे उपयोगी पडावं.

पायरी १: सरकारशी कोण कोण बोलतं, याची यादी करा

नियमावली नंतर. आधी यादी. बहुतेक कंपन्यांना वाटतं की सरकारशी फक्त त्यांचा सरकारी संबंध विभाग बोलतो. प्रत्यक्षात मुख्य कार्यकारी अधिकारी एखाद्या परिषदेच्या चहापानात मंत्र्यांशी बोलतो, कारखान्याचा प्रमुख प्रदूषण नियंत्रणाच्या अधिकाऱ्याशी बोलतो, करसल्लागार महसूल खात्याशी बोलतो, आणि तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या समितीवर कंपनीचा एखादा इंजिनिअर बसलेला असतो. या शेवटच्या माणसाला आपण लॉबिंग करतो आहोत हे ठाऊकही नसतं. पण मानकातल्या एका आकड्याने प्रतिस्पर्ध्याचं उत्पादन बाजारातून बाहेर जाऊ शकतं, इतकी त्याच्या खुर्चीत ताकद असते.

यादीत बाहेरचे लोकही येतात: सल्लागार, वकिलांच्या संस्था, जनसंपर्क संस्था, उद्योग संघटना, कंपनीच्या देणगीवर चालणाऱ्या अभ्याससंस्था. प्रत्येकापुढे तीन रकाने ठेवा: कोणत्या खात्याशी बोलतात, कशाबद्दल बोलतात, वर्षाला किती पैसे जातात. यासाठी लेखा विभागाकडून देयकांची यादी मागवा. लोकांच्या आठवणीतून सुटलेली नावं तिथे हमखास सापडतात.

पायरी २: कायदा पाहा, पण तिथे थांबू नका

देशागणिक नियम फार वेगळे आहेत. अमेरिकेत १९९५ चा लॉबिंग प्रकटीकरण कायदा आहे. २००७ मध्ये तो कडक झाला आणि तेव्हापासून दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. कॅनडात १९८९ पासून नोंदणी आहे आणि वरिष्ठ सरकारी पदाधिकाऱ्यांशी झालेल्या ठरावीक संभाषणांची नोंद पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावी लागते. आयर्लंडचा कायदा २०१५ चा. तिथे वर्षातून तीनदा विवरण भरतात. चिलीने २०१४ मध्ये उलट बाजूने सुरुवात केली: भेट कोणाची झाली आणि कशाबद्दल, हे जाहीर करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावरच टाकली. ही कल्पना मला फार आवडते, कारण तिथे कंपनीची नोंद आणि अधिकाऱ्याची नोंद ताडून पाहता येते.

भारतात लॉबिंगसाठी वेगळा कायदा नाही. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने लाच देणारी व्यावसायिक संस्थाही थेट जबाबदार ठरते, आणि जबाबदार व्यवसायासाठीच्या २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांपैकी सातवं तत्त्व कंपन्यांनी सरकारी धोरणावर प्रभाव कसा टाकावा याच विषयावर आहे. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्ध अमेरिकेचा १९७७ चा कायदा आणि ब्रिटनचा २०१० चा कायदा आपापल्या सीमेबाहेरही हात लांब करतात. अनेक देशांत काम करणाऱ्या कंपनीने सगळ्यात कडक नियम घ्यावा आणि तोच सगळीकडे लावावा. प्रत्येक देशासाठी वेगळी नैतिकता सांभाळणं व्यवहारातही जमत नाही.

कायद्याच्या फटी किती मोठ्या असतात, हे ब्रिटनमध्ये दिसलं. तिथला २०१४ चा कायदा फक्त बाहेरून नेमलेल्या सल्लागार लॉबिस्टांना नोंदणी करायला लावतो. माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ग्रीनसिल कॅपिटल या वित्तसंस्थेसाठी मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना फोन-संदेश पाठवले होते. २०२१ मध्ये ते प्रकरण गाजलं. कॅमेरून त्या संस्थेचे कर्मचारी होते म्हणून त्यांना नोंदणीची गरज नव्हती, असा निर्वाळा लॉबिस्टांची नोंदणी पाहणाऱ्या निबंधकांनी दिला. कायदा मोडला नाही. तरी संस्थेची आणि त्यांची जी अब्रू गेली ती गेलीच.

पायरी ३: मागणी एका पानावर लिहा, आणि तोटा कोणाचा हेही लिहा

कोणत्याही भेटीआधी एक पान तयार करा. त्यात पाच गोष्टी असाव्यात: आम्हाला नेमकं काय हवं आहे, त्याने आमचा किती फायदा होईल, ते मिळालं तर कोणाला झळ बसेल, आमच्या बाजूचा पुरावा, आणि आमच्या विरोधातला सगळ्यात मजबूत पुरावा. शेवटच्या दोन ओळी लिहिताना हात अडखळतो. अडखळला तर तिथेच थांबा आणि कारण शोधा.

माझी स्वतःची चूक इथलीच. एका कंपनीसाठी मी उत्सर्जनाच्या नव्या मर्यादेबद्दल निवेदन लिहीत होतो. त्यात "यंत्रणा बदलायला किमान तीन वर्षं लागतील" असं वाक्य होतं. ते वरून आलं होतं आणि मी ते विचारलं नाही. निवेदन गेल्यानंतर महिन्याभराने, दुसऱ्याच कामासाठी इंजिनिअरिंग विभागाची फाईल चाळताना मला त्यांचाच अंदाज दिसला: दीड वर्ष, आणि पुरवठादार उशीर करतील असं धरलं तरी दोन. तीन वर्षं हा आकडा कोणी मोजलेलाच नव्हता. तो "मागताना थोडं जास्त मागावं" या सवयीतून आला होता. पुढे काय झालं ते शेवटच्या पायरीत सांगतो.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक आकड्यापुढे, आतल्या प्रतीवर, तो मोजणाऱ्या माणसाचं नाव आणि तारीख असते. नाव नसेल तर आकडा जात नाही. आणखी एक तपासणी करा: हाच विषय गुंतवणूकदारांना आपण कसा सांगितला आहे? नव्या नियमाने धंदा बुडेल असं सरकारला सांगायचं आणि त्याच नियमाचा फारसा परिणाम होणार नाही असं भागधारकांना सांगायचं, हे हत्तीच्या दातांसारखं झालं, खायचे वेगळे आणि दाखवायचे वेगळे. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचण्याचं काम कोणाला तरी नेमून द्या.

पायरी ४: दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कंपनीला स्वतःच्या नावाने जे बोलायला लाज वाटते, ते ती दुसऱ्याकडून वदवून घेते. हे तीन प्रकारे चालतं.

पहिला प्रकार विकत घेतलेल्या विज्ञानाचा. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी ४०० हून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन छापलं: लोकांच्या आरोग्याची काळजी आम्हाला सर्वांत आधी आहे, आणि सत्य शोधण्यासाठी आम्ही संशोधनाला पैसे देऊ. त्यानंतर काही दशकं शंका पेरण्याचं काम चाललं. २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी जनतेची फसवणूक केल्याचा निकाल दिला. साखर उद्योगाची गोष्टही याच घरातली. १९६७ मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढावा लेखाने हृदयविकाराचा दोष चरबीकडे वळवला आणि साखरेवरचा संशय हलका केला. तो लेख लिहिणाऱ्या हार्वर्डच्या संशोधकांना साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे दिले होते. लेखात त्याचा उल्लेख नव्हता. ही कागदपत्रं २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ ५० वर्षं डॉक्टर आणि धोरणकर्ते तो लेख निःपक्ष समजून वाचत होते.

म्हणून संशोधनाला पैसे देताना करारात चार कलमं घाला. निष्कर्ष काहीही निघोत, ते प्रसिद्ध करण्याचा हक्क संशोधकाचा. मसुद्यात बदल करण्याचा अधिकार कंपनीला नाही. पैसे कोणी दिले ते पहिल्याच पानावर. आणि अभ्यास अर्ध्यावर थांबवला तर त्याचं कारण लेखी. यातलं एक कलम जरी कंपनीला जड वाटलं, तर तो पैसा संशोधनावरचा खर्च धरू नका. जाहिरातीच्या खर्चात घाला.

दुसरा प्रकार बनावट जनतेचा. न्यू ऑर्लिन्समध्ये वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या बाजूने सुनावणीला आलेले काही "नागरिक" पैसे देऊन आणलेले नट होते, हे २०१८ मध्ये उघड झालं. एन्टर्जी न्यू ऑर्लिन्स ही वीज कंपनी म्हणाली, हे आमच्या कंत्राटदाराच्या पोटकंत्राटदाराने आम्हाला न सांगता केलं. नगर परिषदेने तरीही कंपनीला ५० लाख डॉलरचा दंड लावला. आकाराने याहून कितीतरी मोठं प्रकरण इंटरनेट समानतेचं, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखंच वागवावं या नियमाचं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाकडे या विषयावर सुमारे २ कोटी २० लाख सूचना आल्या. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२१ मध्ये तपासाचा अहवाल दिला: त्यातल्या जवळपास १ कोटी ८० लाख खोट्या होत्या. त्यांपैकी ८५ लाखांमागे ब्रॉडबँड उद्योगाच्या पैशाने चाललेली मोहीम होती. खऱ्या माणसांची नावं त्यांच्या नकळत वापरली गेली होती. आपल्या नावाने सरकारला पत्र गेलं आहे हे अशा माणसाला नंतर कळतं, तेव्हा पुढच्या वेळी खरं पत्र लिहायला तो बसेल का, याची मला काळजी वाटते.

लोकांना आपल्या बाजूने बोलायला सांगणं गैर नाही. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना, ग्राहकांना, पुरवठादारांना जरूर सांगा. पण पत्रावर किंवा संकेतस्थळावर कंपनीचं नाव ठळक असू द्या, बोलण्याबद्दल पैसे देऊ नका, आणि कर्मचाऱ्याने नकार दिला तर त्याच्या बढतीवर सावली पडू देऊ नका. कंत्राटदाराच्या करारात "पोटकंत्राट आमच्या लेखी परवानगीशिवाय नाही" हे वाक्य हवंच. न्यू ऑर्लिन्समध्ये पाणी तिथेच मुरलं होतं.

तिसरा प्रकार उद्योग संघटनांचा, आणि सगळ्यात सोयीचा. कंपनी स्वतः हवामानबदलाबद्दल सुंदर अहवाल छापते आणि जिची वर्गणी भरते ती संघटना त्याच नियमांविरुद्ध लढते. काही संघटनांची नावंच अशी असतात की नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. इथे करायचं काय, याची उदाहरणं आहेत. ॲपलने २००९ मध्ये हवामानाच्या भूमिकेवरून अमेरिकेचं चेंबर ऑफ कॉमर्स सोडलं. शेलने २०१९ मध्ये आपल्या १९ उद्योग संघटनांचा आढावा जाहीर केला आणि तेलशुद्धीकरण उद्योगाच्या एका मोठ्या संघटनेतून बाहेर पडायचं ठरवलं. बीपीने २०२० मध्ये तीन संघटना सोडल्या. या कंपन्यांच्या बाकी व्यवहारांचं समर्थन मी करत नाही. पण पद्धत उचलण्यासारखी आहे.

ती अशी. दरवर्षी प्रत्येक संघटनेच्या प्रमुख भूमिका एका बाजूला आणि कंपनीच्या जाहीर भूमिका दुसऱ्या बाजूला लिहा. जिथे विरोध दिसेल तिथे आधी संघटनेच्या बैठकीत तोंड उघडा आणि विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. वर्षभरात फरक पडला नाही तर त्या विषयावर आम्ही संघटनेशी सहमत नाही असं जाहीर करा. तरीही काही नाही, तर वर्गणी थांबवा. "आत राहून बदल घडवू" हे कारण मी खूप वेळा ऐकलं आहे. ते खरं असू शकतं, पण त्याला मुदत हवी आणि आत राहून काय केलं याचा कागद हवा.

पायरी ५: पैशाच्या वाटा बंद करा

भेटवस्तूंबद्दल फार लिहायची गरज नाही. ज्या अधिकाऱ्यासमोर कंपनीचा विषय प्रलंबित आहे, त्याला काहीही देऊ नका. जेवण, तिकिटं, प्रवास काहीच नाही. मर्यादा ठरवत बसलं की मर्यादेखालची भेट रोज जाते.

खरा धोका आडवाटेच्या पैशाचा. ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीकडून आणि तिच्याशी संबंधित संस्थांकडून सुमारे ६ कोटी डॉलर एका "समाजकल्याण" संस्थेत गेले. ही संस्था विधानसभेचे अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांच्या ताब्यात होती. बदल्यात दोन अणुवीज केंद्रांना वाचवणारा, ग्राहकांवर १ अब्ज डॉलरहून अधिक भार टाकणारा कायदा २०१९ मध्ये झाला. कंपनीने २०२१ मध्ये २३ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. हाउसहोल्डर यांना २०२३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. देणगी घेणाऱ्या संस्थेला देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नव्हती, म्हणूनच ती निवडली गेली होती. यातून सरळ नियम निघतो: जी संस्था आपल्या देणगीदारांची नावं सांगत नाही तिला कंपनीचा पैसा नाही. आणि कोणताही विषय सरकारदरबारी चालू असताना त्या लोकप्रतिनिधीने सुचवलेल्या न्यासाला, शाळेला, रुग्णालयालाही देणगी नाही, कारण कितीही चांगलं असलं तरी.

सल्लागारांचा मेहनतानाही इथेच येतो. "काम झालं तर इतके टक्के" असा करार करू नका. कॅनडात सल्लागार लॉबिस्टांना असा मोबदला घ्यायला बंदीच आहे. निकालावर पैसे ठेवले की मार्गाकडे बघायला कोणालाच कारण उरत नाही.

पायरी ६: खुर्ची सोडून आलेली माणसं

सरकारी अनुभव असलेल्या माणसाला नोकरी देणं चूक नाही. नोकरीची बोलणी कधी सुरू होतात हे महत्त्वाचं. अमेरिकी हवाई दलात खरेदीचं मोठं पद सांभाळणाऱ्या डार्लीन ड्रुयन यांनी बोइंगशी स्वतःच्या नोकरीची बोलणी केली, तेव्हा त्याच कंपनीचा इंधनवाहू विमानांचा मोठा व्यवहार त्यांच्या हाताखाली होता. २००४ मध्ये त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली, बोइंगचे वित्तप्रमुखही तुरुंगात गेले आणि कंपनीने २००६ मध्ये ६१ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

मनुष्यबळ विभागाच्या अर्जात एक प्रश्न वाढवा: गेल्या दोन वर्षांत आमच्या कंपनीशी संबंधित निर्णयात तुमचा हात होता का? उत्तर हो असेल तर बोलणी थांबवा आणि अनुपालन विभागाकडे पाठवा. नेमणूक झालीच तर जुन्या खात्याशी संपर्क करण्याची बंदी करारात लिहा. कॅनडात वरिष्ठ पदाधिकाऱ्यांना पद सोडल्यावर पाच वर्षं लॉबिंग करता येत नाही, आयर्लंडमध्ये ही मुदत एक वर्षाची आहे. माझं मत विचाराल तर दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीत ओळखी थंड होत नाहीत.

पायरी ७: भेट आणि तिची टिपणी

भेटीला दोघांनी जा. सुरुवातीलाच सांगा: आम्ही अमुक कंपनीकडून आलो आहोत, या विषयात आमचा आर्थिक फायदा असा आहे. जे कागद द्याल त्यांच्या प्रती ठेवा. नियमाचा मसुदा लिहून द्या असं कोणी म्हणालं तर द्या, पण त्यावर कंपनीचं नाव आणि तारीख घाला, म्हणजे तो मजकूर पुढे कुठे उमटला तर त्याचा उगम कळेल. त्याच दिवशी पाच ओळींची टिपणी लिहा: कोण, कधी, विषय, काय मागितलं, काय कबूल केलं. वैयक्तिक फोनवरच्या, आपोआप पुसल्या जाणाऱ्या संदेशांतून हे काम करू नका. आणि विरोधी बाजूचे लोक कोण आहेत हे अधिकाऱ्याने विचारलं, तर त्यांची नावं सांगा.

पायरी ८: संचालक मंडळ आणि प्रकटीकरण

मंडळाच्या एका समितीकडे हा विषय वर्षातून किमान दोनदा जावा. तिथे एकूण खर्च, संघटनांची वर्गणी, चालू मागण्या आणि पायरी ४ मधला तुलनेचा तक्ता मांडा. तोच तक्ता संकेतस्थळावर टाका, कायदा मागत नसला तरी. जागतिक अहवाल मानकांत जीआरआय ४१५ हे सार्वजनिक धोरणासाठी वेगळं मानक आहे. त्यात राजकीय देणग्यांची माहिती मागितली आहे. तेवढ्यावर भागवू नका. कंपनीने काय मागितलं हे लोकांना किती खर्च झाला यापेक्षा जास्त कळायला हवं.

निवेदन अडवण्याचा अधिकार धोरण विभागाबाहेरच्या एका माणसाकडे द्या. त्याचा बोनस धोरणाच्या यशावर अवलंबून नसावा, आणि त्याने अडवलेलं निवेदन फक्त मंडळाच्या समितीलाच सोडवता यावं.

पायरी ९: चुकीचं सांगितलं गेलं असेल तर

कितीही काळजी घेतली तरी कधीतरी चुकीचा आकडा बाहेर जातोच. तेव्हा काय करायचं हे आधी ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी सगळ्यांना गप्प बसणंच शहाणपणाचं वाटतं. दुरुस्तीचं पत्र ज्यांना मूळ निवेदन गेलं त्या सगळ्यांना जावं. त्यात आधीचा आकडा, बरोबर आकडा, चूक कशी झाली हे एका वाक्यात, आणि मागणी बदलते का, एवढंच असावं. "गैरसमज झाला असल्यास" अशी शब्दयोजना टाळा. गैरसमज त्यांचा झालेला नसतो.

उत्सर्जनाच्या त्या निवेदनासाठी असं पत्र पाठवायला मला कंपनीत तीन आठवडे भांडावं लागलं. विधी विभागाला दायित्वाची भीती वाटत होती, वरिष्ठांना चेहरा पडण्याची. शेवटी इंजिनिअरिंगच्या प्रमुखाने बैठकीत सांगितलं की अधिकाऱ्याने मला थेट फोन करून विचारलं तर मी दीड वर्षच सांगणार आहे. पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. त्यात आम्ही दोन वर्षं मागितली, पुरवठादारांच्या मुदती जोडल्या आणि तीन वर्षांचं वाक्य मागे घेतलं. अधिकाऱ्याचं उत्तर एका ओळीचं होतं: दोन वर्षांचं वेळापत्रक टप्प्यांसह पाठवा. आम्ही ते पाठवलं, आणि या वेळी प्रत्येक टप्प्यापुढे तो मोजणाऱ्याचं नाव होतं.